दोन-चाक व चार-चाक चालन

एंजिनात निर्माण झालेली शक्ती मोटारगाडीच्या किती चाकांपर्यंत पोहोचविली जाते, यावरून गाडीच्या चालनाचे हे दोन प्रकार करतात. दोन-चाक चालनात केवळ मागील किंवा केवळ पुढील आसावरील दोन चाकांना शक्ती मिळते व उरलेली दोन चाके नुसती घरंगळत जातात. चार-चाक चालनात चारही चाके गाडीस रेटतात. (येथे ‘दोन-चाक’ हा शब्द स्कूटर, मोटारसायकल इ. दुचाकी वाहनांच्या अर्थाने योजलेला नाही.) डांबरी वा काँक्रीटच्या सडकेवर पहिला प्रकार पुरेसा होतो. पाणंद, शिवरस्ता, डोंगरउतार, नाला किंवा नांगरट यांतून गाडी न्यावयाची असल्यास मात्र कोणता प्रकार, केव्हा आणि किती वेळ वापरावा, हा प्रश्न उभा राहतो. जीपचा चालक, ट्रॅक्टर घेऊ पाहणारा शेतकरी आणि रात्री रुग्णास आडवाटेने तालुक्याच्या गावी नेणारा गाडीवान या सर्वांपुढे तो सारखाच असतो.

मुखेडचा भूभाग : नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुका हे या प्रश्नाच्या अभ्यासास योग्य असे उदाहरण आहे. तालुक्यातून बालाघाट डोंगराचे फाटे गेले असून त्याची हद्द लातूर जिल्ह्यातील उदगीर व जळकोट या तालुक्यांस भिडते. माळावर व डोंगरउतारावर मुरमाड, हलकी, उथळ जमीन आणि लेंडी, मन्याड या नद्यांच्या व ओढ्यांच्या काठांनी खोल काळी जमीन, अशी येथील रचना आहे. परिणामी वाडीवरून निघालेली गाडी दोन-तीन किलोमीटरांच्या वाटेत कोरडा सैल मुरूम, दगडगोट्यांचा चढ, काळ्या रानातील खोल चाकोरी आणि ओढ्यातील उतार या चारही अवस्थांतून जाते. यांपैकी प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळे असते.

काळी (रेगूर) जमीन बेसाल्ट खडकाच्या अपक्षयापासून बनलेली असून तीत माँटमोरिलोनाइट गटातील मृत्तिकेचे प्रमाण बरेच असते. या मृत्तिकेच्या थरांत पाणी शिरले म्हणजे ती फुगते व वाळली म्हणजे आकसून तिला रुंद भेगा पडतात. उन्हाळ्यात सडकेइतकी टणक असणारी पाणंद मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर साबणासारखी निसरडी होते. ओली माती टायरला थराथराने चिकटते, त्यावरील नक्षीच्या खाचा बुजवून टाकते आणि मग टायर कितीही नवा असला, तरी तो गुळगुळीत टायराप्रमाणेच वागतो. वाळूत किंवा मुरमात अशी स्थिती येत नाही. परदेशी पुस्तकांतील वाळवंटविषयक सल्ले मराठवाड्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

शेतकऱ्याजवळ या संदर्भात ‘वाफसा’ हा नेमका शब्द आहे. जमिनीत पिकास पुरेशी ओल आहे, परंतु मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवाही खेळती आहे, अशा अवस्थेस वाफसा म्हणतात. वाफसा आल्याविना तिफण किंवा वखर रानात घालीत नाहीत. मूठभर माती दाबून केलेला मुटका बोटाने टोकरताच भुगा होऊन पडला, तर वाफसा आला असे समजतात. मुटका लिबलिबीत राहून हातास माखला, तर आला नाही. मोटारगाडीसही हीच कसोटी लावता येते.

कर्षणाचे गणित : चाक जमिनीस मागे रेटते व त्या प्रतिक्रियेने गाडी पुढे जाते. हा रेटा (कर्षण) चाकावरील भार आणि टायर व जमीन यांमधील घर्षण गुणांक यांच्या गुणाकाराहून अधिक होऊ शकत नाही [⟶ घर्षण]. एंजिन कितीही शक्तिमान असले, तरी या मर्यादेपलीकडील शक्ती चाक जागच्या जागी फिरविण्यातच खर्च होते. चार-चाक चालनाने घर्षण गुणांक तिळभरही वाढत नाही. गाडीचे सर्व वजन रेटा देण्याच्या कामी येते, एवढाच त्याचा लाभ. बहुतेक गैरसमज हा भेद लक्षात न घेतल्याने झालेले दिसतात.

उदाहरणादाखल १,६०० किग्रॅ. वजनाची एक जीप घेऊ. तिच्या पुढील आसावर ८५० किग्रॅ. व मागील आसावर ७५० किग्रॅ. भार आहे. ओल्या काळ्या मातीत घर्षण गुणांक ०·२५ आणि रुतलेल्या चाकांस होणारा रोध वजनाच्या १५ टक्के, म्हणजे २४० किग्रॅ. भाराइतका मानू. केवळ मागील चाकांनी मिळणारे कर्षण सुमारे १८८ किग्रॅ. भार होते, ते रोधाहून कमी असल्याने गाडी जागीच अडकते. चारही चाके चालक केल्यास ४०० किग्रॅ. भार मिळतो. रोध वजा जाता १६० उरतात आणि त्यांवर १० मीटरांस एक मीटर एवढा चढही जेमतेम निघतो. आता पाऊस आणखी पडून घर्षण गुणांक ०·१५ वर आला असे समजल्यास चारही चाकांचे एकत्रित कर्षण २४० च भरते. रोधाची बरोबरी होऊन गाडी थांबते आणि या वेळी ती दोन-चाक चालनाची गाडी जेथे थांबली असती त्याहून बरीच आत, पाणंदीच्या मध्यावर थांबलेली असते.

चढावर भाराची वाटणी बदलते. वरील जीप पाचास एक एवढ्या चढावर असता (गुरुत्वमध्य ०·७ मी. उंचीवर व दोन आसांतील अंतर २·४५ मी. धरून) सुमारे ९० किग्रॅ. भार पुढील आसावरून मागील आसावर सरकतो. कोरड्या, घट्ट मुरमावर घर्षण गुणांक ०·५ व लोटनरोध पाच टक्के मानला, तर चढण्यास सुमारे ३९५ किग्रॅ. भार कर्षण लागते. मागील चाकांकडून ४१२ मिळत असल्याने मागील-चाक चालनाची गाडी चढून जाते. तीच गाडी पुढील-चाक चालनाची असती, तर तिला सुमारे ३७० च मिळाले असते व ती मध्येच अडली असती. हल्लीच्या बहुतेक लहान मोटारी पुढील-चाक चालनाच्या असल्याने घाटमाथ्यावरील वाडीत जाणारे काही चालक अवघड चढ गाडी उलटी फिरवून मागच्या गतीने चढवितात. वरवर विक्षिप्त वाटणारी ही रीत यामिकीच्या दृष्टीने अगदी बिनचूक आहे. मराठवाड्यात एके काळी प्रवासी वाहतुकीचा मोठा भाग उचलणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांपैकी बहुतेक दोन-चाक चालनाच्याच होत्या. त्या खराब वाटांवरही चालत, याचे एक कारण मागे दाटीवाटीने बसलेल्या प्रवाशांचा भार चालक चाकांवर पडे, हे होय.

विभेदी दंतचक्र : वळणावर आतील चाकापेक्षा बाहेरील चाकास अधिक अंतर कापावे लागते. म्हणून चालक आसावर विभेदी दंतचक्रमाला बसविलेली असते. ती दोन्ही चाकांस सारखेच पीडन परिबल देते, आणि हाच तिचा दोष ठरतो. एक चाक चिखलात निसटून फिरू लागले, की त्यास लागते तेवढेच अल्प परिबल घट्ट जमिनीवर असलेल्या दुसऱ्या चाकास मिळते. अशा प्रसंगी दोन-चाक चालनाची गाडी व्यवहारात निसटत्या चाकाच्या दयेवर राहते. चार-चाक चालनाची साधी गाडीही यातून सुटत नाही. ओघळ तिरपा ओलांडताना पुढील एक व कर्णरेषेतील मागील एक चाक अधांतरी झाले, तर चारांपैकी दोन चाके वाऱ्यावर फिरतात व गाडी उभी राहते. या दोषावर विभेदीबंध (डिफरेन्शियल लॉक) हा खरा उपाय आहे. त्यामुळे दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसविल्यागत फिरतात. ट्रॅक्टरमध्ये तो सामान्यतः टाचेने दाबावयाच्या पट्टीच्या स्वरूपात असतो. पुण्याच्या फोर्स मोटर्स कंपनीच्या गुरखा या गाडीत तो पुढील व मागील अशा दोन्ही आसांवर दिलेला आहे. अलीकडील अनेक गाड्यांत निसटणाऱ्या चाकास इलेक्ट्रॉनीय यंत्रणेने आपोआप ब्रेक लावून जवळपास तोच परिणाम साधतात. विभेदीबंध असलेली दोन-चाक चालनाची गाडी पुष्कळदा त्याविना असलेल्या चार-चाक चालनाच्या गाडीइतकीच मजल मारते. गाडी विकत घेताना या गोष्टीचा विचार फार थोडे लोक करतात.

इतिहास : डच स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये पेट्रोल एंजिनाची चार-चाक चालन असलेली मोटारगाडी तयार केली. या प्रकाराचा खरा प्रसार मात्र दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनविलेल्या जीपमुळे झाला. युद्धानंतर १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये लँड रोव्हर आली. भारतात महिंद्रा अँड महंमद (१९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा) या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपच्या जुळणीस प्रारंभ केला. पुढे याच घराण्यातील गाड्या दोन्ही प्रकारच्या चालनांत मिळू लागल्या. नासिक येथे तयार होणारी थार ही गाडी २०२० मध्ये नव्या स्वरूपात आली तेव्हा ती केवळ चार-चाक चालनाची होती. जानेवारी २०२३ मध्ये तिचा मागील-चाक चालनाचा, स्वस्त प्रकार निघाला. दोन्ही गाड्या बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात. त्यामुळे निवडीचा प्रश्न सामान्य ग्राहकाच्याही दारात आला, आणि केवळ रूप पाहून गाडी चिखलात घालणारेही वाढले.

योजना व वापर : जीपसारख्या गाडीत मुख्य दंतचक्रपेटीच्या मागे दुय्यम दंतचक्रपेटी (ट्रान्स्फर केस) असते. तिच्या दांड्याने अथवा बटनाने दोन-चाक, चार-चाक उच्चगती व चार-चाक नीचगती अशा तीन अवस्था निवडता येतात. चालकांच्या बोलीत शेवटच्या दोहोंस ‘हाय’ व ‘लो’ म्हणतात. नीचगतीत चाकांचा वेग सुमारे अडीच पटींनी घटतो व त्या प्रमाणात पीडन परिबल वाढते. तिचा उपयोग दगडांचा चढ, खडा उतार व अडकलेली गाडी काढणे यांसाठी होतो. उतारावर नीचगतीतील पहिला गिअर टाकून एंजिनाच्या रोधाने गाडी सावकाश उतरविणे हे ब्रेक दाबून चाके घसरू देण्यापेक्षा पुष्कळच सुरक्षित असते. चिखलात मात्र नीचगतीतील पहिला गिअर बहुधा घातक ठरतो. जादा परिबलाने चाके चटकन निसटतात आणि टायरमधील माती झटकून टाकण्यास लागणारा वेगही मिळत नाही. तेथे उच्चगतीतील दुसरा किंवा नीचगतीतील दुसरा-तिसरा गिअर बरा. जुन्या जीपगाड्यांत पुढील चाकांच्या तुंब्यांवर हाताने फिरवावयाचे बंधक असत. ते खाली उतरून फिरविले नाहीत, तर आतील दांडा ओढूनही पुढची चाके मोकळीच राहत.

या योजनेत पुढील व मागील आस एकमेकांस पक्के जोडले जातात. वळताना पुढील चाके मागील चाकांपेक्षा लांब कंसावरून जातात. वरील जीप मागील आसाच्या मध्याशी ६ मी. त्रिज्येचे काटकोनी वळण घेत असता पुढील आसाचा मध्य सुमारे पाऊण मीटर अधिक अंतर कापतो. मऊ जमिनीवर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी सडकेवर ती सहजी घसरत नाहीत व सर्व ताण दांडे आणि दंतचक्रे यांत साठत जातो. सुकाणू जड होते, टायर कुरकुरतात, दांडा दोन-चाक अवस्थेत परत येत नाही. अशा वेळी गाडी काही मीटर सरळ मागे घेतल्यास ताण बहुधा सुटतो. हट्टाने तशीच चालविल्यास दंतचक्रे अथवा दांड्यांचे सांधे तुटतात. म्हणून पाणंद संपून सडक लागताच पहिले काम दांडा मागे घेण्याचे. ज्या गाड्यांत दोन आसांमध्येही विभेदी दंतचक्र असते (उदा., १९७० ची रेंज रोव्हर, १९८० ची आउडी क्वाट्रो) त्यांत चार-चाक चालन कायम ठेवता येते. अलीकडे पुढे व मागे स्वतंत्र विद्युत् चलित्रे बसविलेल्या गाड्याही निघाल्या आहेत. त्यांत दोन आस जोडणारा दांडाच नसल्याने हा ताण उद्भवत नाही.

चार-चाक चालन केव्हा जोडावे, याविषयी चालकांत दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे शक्य तेथवर दोन चाकांवर जावे व चार-चाक चालन बाहेर पडण्यासाठी राखून ठेवावे. दुसऱ्या मताप्रमाणे वाईट जागा येण्यापूर्वीच ते जोडावे. सैल मुरूम, कोरडी चाकोरी, नदीपात्रातील गोटे अशा ठिकाणी पहिले मत ग्राह्य आहे, कारण तेथे अडकलेली गाडी फारशी रुतत नाही व राखीव कर्षण खरोखरच कामी येते. काळ्या चिखलात ते फसवे ठरते. मागील चाके दोन-चार फेरे जागी फिरली, की खड्डा होतो, गाडीचा तळ मधल्या वरंब्यावर टेकतो, चाकांवरील भार कमी होतो व नंतर चारही चाके जोडून उपयोग होत नाही. म्हणून येथे कडेवरच दांडा टाकावा, गिअर आधीच निवडावा आणि मध्ये न थांबता, न बदलता, एकसारख्या मंद वेगाने पलीकडे जावे. पहिल्या मताचा एक अंश मात्र काळ्या रानातही उपयोगी पडतो. कडेच्या चार-पाच मीटरांत गाडी दोन चाकांवर घालून पाहावी. तेथेच ती जोरात निसटू लागली, तर मध्यावर चारही चाके अपुरी पडण्याचा संभव मोठा असतो. अशी गाडी मागे घेऊन माळाच्या अंगाने फेरा घ्यावा हे उत्तम.

त्याआधी वाट पायी चालून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. टाच रोवून ती किती खोल जाते, मातीचा थर चपलेस चिकटून सुटतो की वाढत जातो, चाकोरीत साचलेल्या पाण्याखाली तळ टणक आहे काय, हे पाच मिनिटांत कळते. टायरमधील हवा काहीशी कमी केल्यास जमिनीशी संपर्काचे क्षेत्र वाढते. वाळूत याचा मोठा फायदा होतो, काळ्या चिखलात बेताचाच. सडकेवर परतण्यापूर्वी ती पुन्हा भरावी लागते. अडकलेल्या चाकाखाली दगड, बारदान, तुरीच्या तुराट्या किंवा कापसाच्या पऱ्हाट्या घालण्याची रीत सर्वत्र आहे. चिखलात घर्षण गुणांक प्रत्यक्ष वाढविणारा असा हाच एक सोपा उपाय असल्याने त्यास गावठी म्हणून हसण्याचे कारण नाही.

ब्रेक व पाणी : ब्रेक सर्वच मोटारींत चारही चाकांवर लागतात. चार-चाक चालनाची गाडी निसरड्या जागी लवकर वेग घेते, पण इतर गाडीपेक्षा लवकर थांबत नाही. पुलावरून अथवा फरशीवरून वाहणाऱ्या पाण्यात तर चालनाच्या प्रकाराचा संबंधच उरत नाही. पाण्याच्या उत्प्लावक बलाने चाकांवरील भार घटतो व त्याबरोबर कर्षणही. सुमारे ३० सेंमी. खोल वेगवान पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि सुमारे ६० सेंमी. पाण्यात जीपच्या आकाराच्या जड गाड्याही वाहून जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात झालेल्या अतिवृष्टीत हसनाळ, रावणगाव इ. गावांत पाणी शिरले, तेव्हा लोकांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथकांना पाचारण करावे लागले. चारही चाके चालक असलेली गाडी तेथे निरुपयोगीच होती.

ट्रॅक्टर : शेतकऱ्याच्या दृष्टीने ही निवड अधिक खर्चाची व म्हणून अधिक महत्त्वाची असते. दोन-चाक चालनाच्या ट्रॅक्टरात मागील चाके मोठी असून वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग त्यांवर असतो. नांगर किंवा ट्रॉली ओढताना हा वाटा आणखी वाढतो. त्यामुळे वाफशावरील वखरणी, पेरणी, फवारणी आणि सडकेवरील वाहतूक यांस असा ट्रॅक्टर पुरतो. सोयाबीन, तूर, ज्वारी व कापूस घेणाऱ्या मध्यम शेतकऱ्याची बहुतेक कामे याच प्रकारची असतात. ओल्या रानातून उसाची भरलेली ट्रॉली काढणे, खोल नांगरट, चिखलणी आणि पुढील बाजूस जड अवजार बसविणे यांसाठी चार-चाक चालन उपयुक्त ठरते. त्याची पुढील चाके आकाराने लहान असल्याने ती किंचित अधिक वेगाने फिरतील अशी दंतचक्रांची योजना असते. म्हणून टायर बदलताना पुढील व मागील टायरांचे ठरलेले प्रमाण मोडू नये आणि सडकेवर पुढील चालन सोडवून ठेवावे. अन्यथा पुढील टायर लवकर झिजतात. मागील चाकांस लोखंडी वजने लावून किंवा टायरच्या नळीत पाणी भरून दोन-चाक चालनाच्या ट्रॅक्टरचे कर्षण अल्प खर्चात वाढविता येते. परंतु त्याबरोबर जमीन दबण्याचे प्रमाणही वाढते. वाफसा येण्यापूर्वी काळ्या रानात जड ट्रॅक्टर फिरविल्यास खालचा थर घट्ट होऊन मुळांची वाढ व पाण्याचा निचरा खुंटतो. चार-चाक चालनामुळे रानात लवकर शिरता येते, हा विक्रेत्यांकडून सांगितला जाणारा गुण या दृष्टीने तपासून घ्यावा.

रुतलेला ट्रॅक्टर किंवा त्यामागील ट्रॉली काढताना होणारे अपघात विशेष घोर असतात. मागील चाके चिखलात घट्ट अडकली असता चालकाने क्लच एकदम सोडला, तर फिरू न शकणाऱ्या आसाभोवती ट्रॅक्टरचा पुढचा भागच उचलला जातो व क्षणार्धात तो मागे उलटतो. साखळी आसाच्या उंचीवर वा त्याहून वर बांधली असल्यास हा धोका अनेक पटींनी वाढतो. चार-चाक चालनाच्या ट्रॅक्टरचा पुढील भाग जड असल्याने तो काहीसा उशिरा उचलला जातो, पण उचलला जात नाही असे नाही. ओढावयाची साखळी नेहमी मागील खालच्या ओढपट्टीस बांधावी, ताण हळूहळू द्यावा, साखळीच्या रेषेत कोणासही उभे राहू देऊ नये आणि शक्य असल्यास रुतलेला ट्रॅक्टर आल्या चाकोरीनेच मागच्या दिशेने काढावा.

पाणंद रस्त्यांवर मुरूम व खडीचा थर घालून बाजूस चर काढला, म्हणजे काळ्या मातीशी चाकाचा संबंध तुटतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना या नावाने अशा रस्त्यांसाठी योजना हाती घेतली. जेथे हा थर टिकून आहे, तेथे भर पावसाळ्यातही दोन-चाक चालनाचे वाहन शेतापर्यंत जाते. चर बुजून पाणी थराखाली मुरले, तर काळी माती मुरुमातून वर येते व रस्ता एक-दोन पावसाळ्यांत पूर्ववत होतो.